कॅनडाच्या उत्तरेला इनुइट लोकांसाठी सरकार दुकानदाराला किलोमागं पैसे देतं, तरी तिथं लोक उपाशी कसे?

घाटमाथा किराणा, जांबोटी

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात आमचं किराणा दुकान आहे, वडिलांनी घातलेलं. माल बेळगावच्या रविवार पेठेतून उचलतो. निम्मं गिऱ्हाईक रस्त्याकडेच्या गावांतलं, निम्मं आतल्या रानातलं, आमगावच्या बाजूचं.

आतली माणसं मे महिन्यात येतात. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, सुकी मासळी, काड्यापेट्या असं पावसाळ्याच्या बेगमीचं सामान एकदम नेतात. काजूचे पैसे हातात असले तर हे जमतं. ज्याच्या हातात तेव्हा रोख नसते तो जुलैत येतो, गुडघाभर चिखलातून, आणि पाच-दहा किलो डोक्यावरून नेतो. तोवर भाव चढलेला असतो, कारण माझंही भाडं वाढलेलं असतं. म्हणजे ज्याची ऐपत कमी तोच जास्त मोजतो. हे मी वर्षानुवर्षं गल्ल्यावर बसून बघतोय आणि मला ते सहन होत नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या भागात एका बैठकीत सूचना निघाली की पावसाळ्यात आत माल ठेवणाऱ्या दुकानदारांना सरकारनं किलोमागं काही रक्कम द्यावी, म्हणजे भाव आटोक्यात राहील. मी दुकानदार, मला ही सूचना गोडच लागणार. खरं माझा भाचा कॅनडात शिकायला आहे, तो फोनवर म्हणाला, "मामा, इथं उत्तरेला इनुइट, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांसाठी अगदी हेच करतात, आणि तरीही तिथली पोरं अर्धपोटी झोपतात." त्याला पुढचं काही सांगता आलं नाही.

मला समजून घ्यायचंय. कॅनडा तर श्रीमंत देश. तिथं अन्न एवढं महाग फक्त भाड्यामुळं होतं का? सरकारनं दिलेला पैसा जातो कुठं? आणि दुकान येण्याआधी ही माणसं काय खात होती? कुणाला खरी माहिती असेल तर सविस्तर लिहा. ग्रामसभेत तोंड उघडायच्या आधी मला हे कळायला हवं.

बाफिनवरचा खानापूरकर

अण्णा, तुमचा प्रश्न वाचून रात्रीच लिहायला बसलो. मी मूळचा खानापूरचा, स्टेशन रोडजवळचा. सध्या कॅनडात बाफिन बेटावरच्या एका लहान गावात दुकानात माल उतरवून घ्यायचं काम करतो. गावाचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही.

हा नुनावुत प्रदेश. १ एप्रिल १९९९ ला वेगळा झाला. एकूण २५ गावं, २०२१ च्या जनगणनेत माणसं ३७ हजारांच्या आसपास, त्यात सुमारे ८५ टक्के इनुइट. या गावांना दक्षिणेकडून रस्ता नाही आणि एका गावातून दुसऱ्या गावातही रस्ता नाही. समुद्राचा बर्फ फुटला की जुलै ते ऑक्टोबर जहाजं येतात. बहुतेक गावांना धक्का नाही, जहाज लांब उभं राहतं आणि लाकडी खोकी बार्जवरून, म्हणजे सपाट तळाच्या नावेवरून, किनाऱ्याला लावतात. पीठ, साखर, तांदूळ, डबाबंद सामान, डिझेल, सगळं त्यातून. बाकी आठ महिने जे काही येतं ते विमानानं.

तुम्ही मे महिन्याच्या बेगमीचं लिहिलंय ना, इथंही तेच. ज्याला पक्की सरकारी नोकरी आणि क्रेडिट कार्ड आहे तो उन्हाळ्याच्या आधी दक्षिणेकडच्या घाऊक दुकानात ऑर्डर देतो आणि वर्षाचं सामान जहाजानं मागवतो. त्याला खूप स्वस्त पडतं. एवढी रक्कम ज्याच्याकडं एकरकमी नसते तो आठवड्याच्या आठवड्याला आमच्या दुकानातून घेतो, विमानाचं भाडं लागलेला माल.

भाडं हे एक कारण झालं. दुसरं, वीज. नुनावुतमधली वीज डिझेल जनरेटरवर तयार होते आणि ते डिझेलही जहाजानंच येतं. गोदाम गरम ठेवायला तेल, कामगारांना राहायला घर, सगळं मालाच्या किमतीत जातं. तिसरं म्हणजे तूट, आणि ही मी रोज हातानं उचलतो. वादळ लागलं की विमान दोन-तीन दिवस उतरत नाही. मग एकदम सगळं येतं. धावपट्टीवरून दुकानापर्यंत आणेस्तोवर लेट्यूसचा गड्डा गोठतो. गरम गोदामात तो सुटला की पानं काचेसारखी पारदर्शक होतात आणि तासाभरात काळी पडून चिखल होतो. केळी आतून राखाडी निघतात. दुधाची तारीख संपायला चार दिवस उरलेले असतात. जे फेकलं त्याची किंमत उरलेल्या मालावर बसते. सरासरी बघितलं तर बऱ्याच जिनसांचा भाव दक्षिणेच्या दुप्पट-तिप्पट.

आता सरकारच्या पैशाचं. आधी टपाल खात्यामार्फत अन्न पाठवायची योजना होती, फूड मेल. २०११ पासून न्यूट्रिशन नॉर्थ आली. गाव किती लांब आणि जिन्नस कोणती यावर किलोमागं दर ठरतो. दूध, गोठवलेल्या भाज्या, तान्ह्या बाळांची दूध पावडर यांना सगळ्यात वरचा दर. पैसे थेट दुकानाला किंवा पुरवठादाराला. दुकानानं ते भावातून वजा करायचे अशी अट. आमच्या बिलावर "यात सरकारचे इतके" असा आकडाही छापून येतो.

पण २०१४ मध्ये कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी अहवालात स्पष्ट लिहिलं की दुकानं पूर्ण सबसिडी गिऱ्हाइकापर्यंत पोचवतात की नाही हे खात्यानं तपासलेलंच नाही. पुढं टोरोंटोमधल्या दोन संशोधकांनी भावांचा हिशेब लावला. २०२३ मधला निष्कर्ष असा, की सबसिडीच्या प्रत्येक डॉलरमागं भाव उतरला तो ६७ सेंटांनी. उरलेले ३३ सेंट कुठं गेले ते तुम्हाला दुकानदार म्हणून मी काय सांगू.

२०१७-१८ च्या सरकारी पाहणीत नुनावुतमधली ५७ टक्के घरं पोटभर, नीट अन्नाची खात्री नसलेली निघाली. सबंध कॅनडाचा आकडा १२.७ टक्के. योजना सुरू होऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती.

गल्ल्यावरची एक गोष्ट लिहितो. इथल्या आया बिल करताना वस्तू परत ठेवतात. आधी स्वतःच्या चहा-कॉफीचं, मग लोणी, मग फळ. बाळाची पावडर शेवटपर्यंत बाजूला करत नाहीत. बेरीज बसली की थांबतात. परत ठेवलेल्या मालाची एक बास्केट रोज भरते, ती मीच फळीवर लावतो.

लोक गप्प बसले नव्हते. २०१२ मध्ये नुनावुतची राजधानी इकालुइट, तिथल्या एका बाईंनी "फीडिंग माय फॅमिली" नावाचा फेसबुक गट काढला, लोक भावाच्या चिठ्ठ्यांचे फोटो टाकू लागले आणि त्याच जूनमध्ये कितीतरी गावांत माणसं दुकानांसमोर फलक घेऊन उभी राहिली. चारचौघांत भांडायची या समाजाला सवय नाही, त्यामुळं ही मोठीच गोष्ट होती. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे अन्नहक्काचे प्रतिनिधी ऑलिव्हिए द शुटर कॅनडात येऊन गेले आणि त्यांनीही सरकारला सुनावलं.

चिकोडीकर

माहिती चांगली आहे. पण मूळ प्रश्न कुणी विचारत नाही. जिथं गवताची काडी उगवत नाही तिथं राहायचं कशाला? सरकारनं विमानानं दूध पोचवायचं म्हणजे किती खर्च! दक्षिणेत शहरं आहेत, नोकऱ्या आहेत. तिकडं जावं.

भूगोल गुरुजी, निपाणी

चिकोडीकर, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण हे पुष्कळांच्या मनात असतं. मी हायस्कुलात भूगोल शिकवला. पुस्तकात इनुइट म्हणजे बर्फाचं घर आणि कुत्र्यांची गाडी, एवढंच असायचं. ती माणसं आज वस्तीत का राहतात आणि दुकानावर का अवलंबून आहेत हे त्यात नसायचं.

तिथं काही उगवत नाही असं आपण म्हणतो, कारण आपलं पोट शेतावर चालतं. त्यांचं पोट समुद्रावर आणि कॅरिबूच्या, म्हणजे रानटी रेनडिअरच्या, कळपांवर चालत आलं आहे. सील, वॉलरस, देवमासा, कॅरिबू, 'आर्क्टिक चार' नावाचा मासा. देवमाशाची कातडी आणि तिच्याखालची चरबी, त्याला ते मक्ताक म्हणतात, त्यात क जीवनसत्त्व भरपूर असतं. हिरवी भाजी नसतानाही ती माणसं धडधाकट राहिली ती यामुळं. शिकार कुठं, कोणत्या महिन्यात, कोणत्या बर्फावरून करायची याचं ज्ञान त्यांच्याकडं होतं आणि त्यानुसार ती फिरत होती.

१९५० आणि ६० च्या दशकांत त्यांना एका जागी बसवलं गेलं. शाळा तिथं, दवाखाना तिथं, मुलांचा भत्ता हवा तर तिथं. मुलं दूरच्या निवासी शाळांत गेली, म्हणजे ज्या वयात बापाबरोबर बर्फावर शिकायचं त्याच वयात घराबाहेर. त्याच काळात बाफिनच्या भागात ओढगाडीची कुत्री मोठ्या प्रमाणात मारली गेली. याची चौकशी इनुइटांनी स्वतःच्या सत्यशोधन आयोगामार्फत केली, २०१० मध्ये अहवाल दिला, आणि कॅनडा सरकारनं माफी मागितली ती २०१९ मध्ये. कुत्री गेली म्हणजे शिकारीला जायचं वाहन गेलं. त्याच्या जागी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी मोटरगाडी आली, जिला पेट्रोल लागतं, सुटे भाग लागतात, आणि त्यासाठी रोख लागते.

रोख कुठून यायची? सीलच्या कातड्यातून. मांस घरात, कातडं बाजारात, त्या पैशातून पेट्रोल आणि काडतुसं. एकाच शिकारीत पोटही भरायचं आणि पुढच्या शिकारीचा खर्चही निघायचा. मग युरोपात सीलच्या पिल्लांच्या शिकारीविरुद्ध मोठी चळवळ झाली आणि १९८३ मध्ये तिथं पिल्लांच्या कातड्याची आयात बंद झाली. इनुइट ती पांढरी पिल्लं मारतच नव्हते. पण गिऱ्हाइकानं सीलचं कुठलंच कातडं घ्यायचं सोडलं आणि यांचा बाजार बसला. २००९ मध्ये युरोपीय संघानं आणखी कडक बंदी घातली. इनुइटांना कागदावर सवलत होती, पण मागणीच उरली नव्हती. प्राण्यांवर दया करणाऱ्या माणसांच्या हातून एका अख्ख्या समाजाचं ताट हललं, आणि ते त्यांना दिसलंही नाही. मला या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते.

आणि "दुसरीकडं जावं" हा प्रयोग सरकारनं करून पाहिलेला आहे, उलट्या दिशेनं. १९५३ आणि १९५५ मध्ये क्यूबेकच्या उत्तरेकडच्या इनुकजुआकमधली इनुइट कुटुंबं उचलून सुमारे दोन हजार किलोमीटर आणखी उत्तरेला, ग्रीस फियॉर्ड आणि रेझोल्यूटला नेली. शिकार मुबलक आहे, नाही जमलं तर दोन वर्षांनी परत आणू, असं सांगितलं होतं. तिथं हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही. ओळखीचे प्राणी नाहीत, ओळखीचा बर्फ नाही, पहिले हिवाळे तंबूत आणि उपासमारीत गेले. परत आणायचा शब्द पाळला गेला नाही. निर्जन उत्तरेवर कॅनडाचा ताबा दाखवायला आम्हाला तिथं बसवलं, असं ती कुटुंबं सांगत आली. सरकारनं माफी मागितली ऑगस्ट २०१० मध्ये.

तेव्हा कृपा करून "तिथं राहायचं कशाला" असं विचारू नका. ती त्यांची भूमी आहे आणि हेच वाक्य उद्या कुणीतरी आपल्याबद्दल म्हणेल.

घाटमाथा किराणा, जांबोटी

गुरुजी, आमच्याबद्दल ते म्हणून झालंय. आमगावचं माणूस आजारी पडलं आणि खाटेवरून रस्त्यापर्यंत आणलं की पेपरात फोटो येतो आणि खाली लोक लिहितात, "रानात राहायचं कशाला."

आता मी माझ्या धंद्याचं उघड बोलतो. समजा मला किलोमागं पाच रुपये मिळू लागले. कांद्याचं पोतं घेऊ. रविवार पेठेतला भाव, हमाली, टेम्पोचं भाडं, आणि पावसात भिजून सडलेल्याची तूट. जुलैत पन्नास किलोच्या पोत्यात चार-पाच किलो तरी हाताला चिकटतात. शिवाय उधारी, ती गणपतीपर्यंत येत नाही. हे सगळं धरून मी भाव लावतो. पाच रुपये आले तर पाचच्या पाच उतरवेन का? शेजारी दुसरं दुकान असेल तर उतरवावेच लागतील, नाहीतर गिऱ्हाईक तिकडं जाईल. खरं आतल्या वाडीत एकच दुकान असेल, तर तो दुकानदार दोन रुपये उतरवेल, तीन मागच्या तोट्यात वळवेल, आणि त्याला स्वतःला त्यात काही गैर वाटणार नाही. कारण तोटा खरा असतो. खानापूरकर, तुमचे ३३ सेंट बहुतेक इथंच गेले असणार. पैसा चोरला म्हणण्यापेक्षा तो वाटेत मुरतो. म्हणूनच तपासणी लागते, आणि तुम्ही म्हणता तपासणीच नव्हती.

आमच्याकडं दुसरा प्रयोग होऊन गेला. अन्नभाग्य, ही कर्नाटक सरकारची रेशनच्या तांदळाची योजना, २०१३ मध्ये सुरू झाली. २०२३ मध्ये जादा पाच किलो तांदूळ द्यायचे ठरले, तांदूळ मिळेना, तेव्हा किलोला ३४ रुपये धरून माणशी १७० रुपये खात्यात टाकू लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा तांदूळ सुरू झाला. त्या दीड वर्षात माझ्या दुकानात काय झालं ते सांगतो. पैसे वेळेवर आले त्या महिन्यात बायका येऊन तांदळाबरोबर तूरडाळ नेत, कधी गूळ नेत. पैसे रखडले त्या महिन्यात वहीत नाव वाढे. आणि दुकानात तांदूळ ३४ रुपयांत मिळत नव्हताच. म्हणजे रोख चांगली, खरं ती भावाबरोबर चढली पाहिजे आणि तारखेला आली पाहिजे. रस्त्याकडेच्या गावात तिचा उपयोग होतो. आत, जिथं विकत घ्यायला मालच पोचलेला नाही, तिथं ऑगस्टमध्ये ती रोख घेऊन बाई करणार काय?

खानापूरकर, तुमच्याकडं थेट घरात काही दिलं जातं का? आणि शिकार आता पूर्ण बंद आहे की चालू?

बाफिनवरचा खानापूरकर

दोन्हींचं उत्तर देतो.

थेट मदतीचं. इनुइट मुलांसाठीच्या एका केंद्रीय योजनेतून गावच्या पंचायतींनी कूपनं वाटली. मुलामागं महिन्याला ५०० डॉलर, आणि चार वर्षांखालच्या बाळाला त्यावर २५०. ते कूपन दुकानात फक्त अन्न आणि लंगोटासारख्या गरजेच्या वस्तूंना चालायचं. त्या काळात आमच्या दुकानात परत ठेवलेल्या मालाची बास्केट जवळजवळ रिकामी असायची. दूध आणि फळं पहिल्यांदा संपायची, हे मी स्वतः ऑर्डर भरताना बघितलं. मार्च २०२५ च्या अखेरीला ती वाटणी थांबली. दुसऱ्याच महिन्यात बास्केट पुन्हा भरू लागली आणि फेसबुकवर आया लिहू लागल्या, कुणाकडं बाळाच्या पावडरीचा डबा जादा आहे का. हे बघून मी फार अस्वस्थ झालो. काय केलं की फरक पडतो हे डोळ्यांसमोर दिसलं होतं आणि तेच बंद पडलं.

अर्थात तुमचा मुद्दा इथंही लागू आहे. कूपन असलं तरी दुकान एक-दोनच. घरात पैसा दिला आणि भावावर नजर ठेवली नाही, तर तो दुकानातच मुरणार.

शिकारीचं. बंद अजिबात नाही. पण नवीन स्नोमोबाइल दहा हजार डॉलरच्या वर, पेट्रोल, काडतुसं, तंबू, जीपीएस. नोकरी करणाऱ्याला पैसा असतो पण वेळ नसतो, आणि ज्याला वेळ असतो त्याच्याकडं पेट्रोलचे पैसे नसतात. त्यात बर्फ उशिरा धरतो आणि लवकर सुटतो. जुन्या माणसांनी सांगितलेल्या वाटा आता धोक्याच्या झाल्यात. बाफिनवर कॅरिबू इतके घटले की २०१५ च्या जानेवारीत शिकारच थांबवली, नंतर अगदी थोडक्या संख्येनं परवानगी दिली. हल्ली शिकाऱ्यांना खर्चासाठी अनुदान मिळतं, २०२० पासून, त्याच न्यूट्रिशन नॉर्थच्या योजनेतून. इनुइट संघटना कितीतरी वर्षं हेच मागत होत्या, की आम्हाला दक्षिणेचं दूध स्वस्त करून देता तसं आमच्या माणसाला समुद्रावर जायला मदत करा.

आणि जेव्हा शिकार होते तेव्हा काय होतं ते बघण्यासारखं असतं. गावच्या रेडिओवर सांगतात, अमक्याच्या घरी सील आहे, या. फरशीवर पुठ्ठा अंथरलेला, त्यावर मांस. बायका अर्धचंद्रासारख्या पात्याचा उलू घेऊन खाली बसून कापतात, म्हातारी माणसं आधी, मग पोरं. कुणी पैसे विचारत नाही. मलाही बोलावतात. गोठलेला 'आर्क्टिक चार' मासा कच्चाच पातळ काप करून देतात, जिभेवर वितळतो. ज्या घरातली पोरं आदल्या दिवशी नुसत्या नूडल्सवर होती ती त्या दिवशी पोट भरून उठतात. एका सीलवर आठ-दहा घरं जेवलेली मी पाहिली आहेत.

अंगणवाडीताई, खानापूर तालुका

मी सगळं वाचलं. भाऊ, तुमची ती बास्केट वाचून आत काहीतरी हललं. आमच्याकडं बास्केट नसते, पण आई शेवटी जेवते आणि भात संपला की पेज पिऊन झोपते. वजनकाट्यावर बाळाचं वजन धरलेलं असतं आणि आईचे हात काडीसारखे.

मला एक वेगळी गोष्ट मांडायची आहे. आतल्या गावांत पोषण फक्त रेशनच्या तांदळावर नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे, ओढ्याचे खेकडे, मग अळंबी, बांबूचे कोंब, रानातल्या पालेभाज्या, फणस, नाचणा. याची नोंद माझ्या कुठल्याच रजिस्टरला नाही. रजिस्टरला आहे ते अंगणवाडीतून गेलेलं पाकीट आणि अंडं. म्हणून वरच्या माणसाला वाटतं, रेशनचं दुकान जवळ आणलं की यांचा प्रश्न मिटला.

सध्या भीमगड अभयारण्यातल्या गावांना बाहेर आणायची बोलणी चालू आहेत. २०११ मध्ये अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून हे डोक्यावर आहे. काही घरं तयार आहेत आणि त्यांची कारणं मला पटतात, दवाखाना लांब, शाळा लांब, पावसाळ्यात पोर आजारी पडलं तर जीव टांगणीला. कुणी जावं आणि कुणी राहावं हे मी सांगणार नाही, ते त्यांनी ठरवायचं. पण बोलणी होतात ती पैशाची आणि घराच्या जागेची. बाहेर आल्यावर जून-जुलैत ताटात काय असेल, मासे-खेकडे-अळंबीच्या जागी काय, नाचणा कुठं पेरायचा, हे कुणी विचारत नाही. गुरुजींनी ग्रीस फियॉर्डचं लिहिलं, तिथंही "शिकार भरपूर" एवढंच सांगून नेलं होतं. दोन्ही ठिकाणं एकसारखी नाहीत, आपल्याकडं निदान विचारलं तरी जातंय. पण ताटाचा प्रश्न आधी, हे तिथल्यांनी इतकं सोसून सांगितलेलं आपण ऐकावं.

अण्णा, तुम्ही ग्रामसभेत बोलणार असाल तर हे मांडा. तुमचं ऐकतात. बायका बोलल्या की "बरं बरं" म्हणतात.

घाटमाथा किराणा, जांबोटी

ताई, मांडतो, आणि तुम्हीही या. तुमचं वजनाचं रजिस्टर घेऊन या, मी माझी उधारीची वही आणतो. दोन्ही शेजारी ठेवली की कोणत्या महिन्यात कोणत्या घरात काय कमी पडलं ते सगळ्यांना दिसेल. नावं झाकून दाखवू.

माझं आता असं ठरलंय. दुकानदाराला किलोमागं पैसे द्यायच्या सूचनेला मी पाठिंबा देणार नाही, स्वतःचा फायदा असला तरी. त्याऐवजी मागायचं ते असं, की जून ते सप्टेंबरचं चार महिन्यांचं रेशन मे महिन्याच्या आत, गावातच, एकदम द्यावं. अंगठा तिथंच घ्यावा, नेटवर्क नसेल तर वहीवर सही घ्यावी आणि कुणाला परत पाठवू नये. तांदळाबरोबर डाळ आणि तेल असावं. मे महिन्यात ज्यांच्याकडं रोख नसते त्यांना बेगमीसाठी महिला संघामार्फत बिनव्याजी रक्कम मिळावी, काजू आले की फेडतील. एवढं झालं तर जुलैत डोक्यावरून दहा किलो नेणारं माणूस माझ्या दारात दिसणार नाही. माझी विक्री थोडी कमी होईल, ती होऊ दे.

आणि कुणी भावासाठी दुकानदारांना पैसे द्यायचंच ठरवलं, तर दर महिन्याला भाव लिहून घेणारं गावातलं माणूस आधी नेमायचं, मग पैसे. कॅनडानं पैसे आधी दिले आणि तपासायचं राहून गेलं.

पुनर्वसनाचा मुद्दा वेगळा घेऊ. ताई म्हणतात तसं, रानातून ताटात काय काय येतं याची महिनावार यादी त्या गावांतल्या बायकांनीच करावी आणि ती अर्जाला जोडावी. गुरुजी, तुम्ही मसुदा लिहून द्याल का? मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लागेल, कन्नडचं मी माझ्या व्याह्यांकडून बघून घेतो.

खानापूरकर, तिकडं कूपनं पुन्हा सुरू झाली तर इथं नक्की कळवा.

भूगोल गुरुजी, निपाणी

मसुदा रविवारपर्यंत देतो. ताई, ती यादी हाती आली की आधी मला पाठवा. त्यात मिठाचा आणि सुक्या मासळीचाही महिना लिहा, ते लोक विसरतात.